खानापूरचा माठ: ठोकून, भिजवून, मगच पैसे

शिमगा जवळ आला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे माठ बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडीच्या बाजारात गवतावर रचलेले दिसायला लागतात. लाल, काळे, नळाचे, बिननळाचे, फुलं काढलेले, अभ्रक फासून चमकवलेले. त्यातला कोणता घ्यावा, आणि घरी आणल्यावर तो गेल्या सालच्या माठासारखा गार का होत नाही, हे दोन प्रश्न दर उन्हाळ्यात तेच असतात. विकणाऱ्याला दिवस मावळायच्या आत ढीग संपवायचा असतो, त्यामुळे उत्तराची अपेक्षा त्याच्याकडून नको.

निकाल आधीच सांगून टाकू. चाकावर घडवलेला, आतून-बाहेरून न रंगवलेला, दहा-बारा लिटरचा, हात आत जाईल एवढ्या तोंडाचा माठ घ्या. आणि एक नको, दोन घ्या. दिवसभर पुरेसं पाणी पोटात जावं म्हणून घरात करता येणारी याहून स्वस्त सोय नाही. पाणी प्यायची आठवण करून देणारी ॲप, वेळेच्या खुणा छापलेल्या दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या, यांचा नंबर त्यानंतर बराच खाली लागतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेत निरोगी माणसाला दिवसाला साधारण आठ ग्लास, म्हणजे दोन लिटरच्या आसपास पाणी सांगितलंय. ऊन आणि अंगमेहनत वाढली की जास्त. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. अडतं ते दुसरीकडे. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून नळाला येणारं पाणी पिववत नाही, आणि फ्रीजमधल्या बाटलीचं पाणी दातांना झोंबतं. दोन घोट घेतले की बाटली परत आत. तहान भागल्यासारखी वाटते, भागलेली नसते. माठाचं पाणी मात्र एका दमात ग्लासभर जातं. साठीच्या पुढच्या माणसांना तहान मुळातच कमी आणि उशिरा लागते, त्यांच्यासाठी तर पाणी उठता-बसता हाताशी असणं हाच अर्धा उपाय. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक चाललंय. दुपारी ती गर्द आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडतंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर मात्र रंगावर जाऊ नका. आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेच माप खरं, आठ ग्लास विसरायचे.

माठ गार होतो तो मातीच्या अंगच्या थंडपणाने नव्हे. भिंतीतल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेरच्या अंगाला झिरपतं, तिथून उडून जातं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची अशी वाफ व्हायला ५८० किलोकॅलरीच्या घरात उष्णता लागते. म्हणजे दहा लिटर पाणी आठ अंशांनी उतरवायला हिशेबाने दीडशे मिलिलिटरसुद्धा उडायला नको. पण खोलीतली उष्णता भिंतीतून सतत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात बारा लिटरचा चांगला माठ कोरड्या हवेत दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी घालवतो. माठातलं पाणी घटतं म्हणून तक्रार करणारे बरेच भेटतात. तक्रार करायची ती घटत नसेल तर.

याला हवेची मर्यादा आहे. दुपारी ३६ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २१-२२ अंश दाखवेल. त्याच्या खाली जगातला कुठलाच माठ जाणार नाही. वारा खेळता असेल तर माठातलं पाणी २४-२५ अंशांपर्यंत येतं, आणि तेवढं पुरे होतं. जुलैत हवा २५ अंशांची आणि दमटपणा ९० टक्के असेल तर फरक फार तर एका अंशाचा. म्हणूनच हा माठ जिथे घडतो त्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीकडे, तो जेवढा गार होतो त्याहून जास्त गार अथणी-रायबागच्या कोरड्या वाऱ्यात होतो.

घेताना काय बघायचं

खानापूरच्या मातीचं नाव आहे आणि ते उगाच नाही. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्था खानापुरात आहे, कौलांचे कारखानेही तिथले प्रसिद्ध. पण खानापूरचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक माठ तिथला असतोच असं नाही. साच्यात ओतलेले माठ ट्रक भरून बाहेरूनही येतात. ओळखायला आत हात घालून फिरवा. चाकावरच्या माठाला आतून बोटांच्या आडव्या रेघा लागतात, आणि खालच्या अर्ध्या भागात फळीने चोपून फुगवल्याचे चपटे ठसे. साच्यातला आतून-बाहेरून सारखाच गुळगुळीत, कुठेतरी दोन भाग जोडल्याची शिवण. साच्यातला टाकाऊच असतो असं नव्हे, पण त्याची माती फार गाळलेली असते. कुंभार चाकावरच्या मातीत राख, वाळू, लाकडाचा किंवा भाताचा भुसा मिसळतो. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी राहिलेली पोकळीच पुढे पाणी झिरपवते.

मग ठोकणं. बोटाच्या पेराने टकटक केली की खणखणीत वाजला पाहिजे, बदबद वाजला तर तडा आहे किंवा कच्चा भाजलाय. इथवर सगळ्यांना माहीत असतं. फसगत होते ती पुढे. “मावशी, बघा, घंटेसारखा वाजतोय” म्हणून विक्रेता जो माठ पुढे करतो, तो कित्येकदा जास्त भाजलेला असतो. आच फार लागली की मातीची छिद्रं मिटतात, आवाज काचेसारखा येतो आणि पाणी झिरपतच नाही. असा माठ दहा वर्षं टिकेल, पण त्यातलं पाणी पितळी घागरीतल्यासारखंच कोमट. म्हणून नुसत्या आवाजावर पैसे काढू नका. बोट पाण्यात बुडवून माठाच्या पोटावर एक थेंब लावा. पाच-दहा सेकंदांत शोषला जाऊन ओला डाग उरला तर माठ कामाचा. थेंब ओघळून खाली आला तर एक तर जास्त भाजलाय, नाहीतर वरून काहीतरी फासलंय. हीच परीक्षा तळाजवळ आणि गळ्याजवळ दोन्हीकडे करा, कारण भट्टीत सगळ्या बाजूंना आच सारखी बसत नाही.

त्यानंतर माठ उचलून उन्हाकडे धरा, तोंडावर चेहरा टेकवून आत बघा. टाचणीएवढा उजेड कुठे दिसला तर तो माठ परत ठेवा. बसका तळ की गोल तळ, हा आवडीचा प्रश्न. गोल तळ जास्त गार राहतो, कारण खालूनही हवा लागते, पण त्याला चुंबळ किंवा तिवई हवीच.

लाल की काळा, यावर घरोघरी भांडणं आहेत. काळा रंग भट्टीचं तोंड शेवटी बंद करून, हवा तोडून आणि धुरात भाजल्याने येतो. माती तीच, गारवा छिद्रांवर ठरतो, रंगावर नाही. रंगवलेल्या माठाचं मात्र तसं नाही. बाहेरून ऑइलपेंटची नक्षी जेवढ्या भागावर असेल तेवढ्या भागाची छिद्रं बुजलेली. गळ्यावर चार फुलं असतील तर हरकत नाही; सबंध पोट रंगवलेला माठ शोभेचा. आतून रंग किंवा चकाकी असलेला तर प्यायच्या पाण्याला घेऊच नये, त्या रंगात काय आहे ते कोणी सांगत नाही.

सुरई दिसायला देखणी आणि गारही होते, पण गळ्यातून हात जात नाही, म्हणजे ती कधीच नीट घासली जात नाही. त्यासाठी तिला आमच्याकडून नापास.

नळ

नळाचा माठ घ्यावा का? हो, घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर जरूर. माठातलं पाणी बिघडतं ते मातीमुळे नव्हे, बुचकळल्या जाणाऱ्या तांब्यामुळे आणि त्याबरोबर आत जाणाऱ्या बोटांमुळे. बिननळाचाच घ्यायचा असेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते माठावर नव्हे, शेजारी खिळ्याला उलटं टांगा.

नळाच्या माठाच्या बहुतेक तक्रारी गळतीच्या असतात, आणि त्यात माठाचा दोष कमी, वायसरचा जास्त. माठाची भिंत गोलाकार, वायसर सपाट. पातळ कडक वायसर त्या गोलाईवर बसत नाही. सोबत आलेला फेकून द्या आणि हार्डवेअरच्या दुकानातून तीन-चार मिलिमीटर जाडीचे मऊ सिलिकॉनचे दोन आणा, एक आतून, एक बाहेरून. नट हाताने आवळा, मग फार तर पाव वेढा आणखी. पाना लावून आवळला की भोकाच्या कडेपासून केसाएवढा तडा जातो, तो दोन दिवसांनी लक्षात येतो आणि मग माठ गेलाच. टेफलॉन टेप गुंडाळून इथे उपयोग नाही, पाणी आट्यांतून नाही, वायसरच्या कडेने येतं. एम-सील लावायचंच झालं तर बाहेरून, माठ पूर्ण वाळवून. आतून कधीच नाही. नळ शक्यतो स्टीलचा. प्लास्टिकच्या नळाच्या आट्या एका उन्हाळ्यात झिजतात.

नळाच्या माठात एक गोष्ट कुणी सांगत नाही: भोक तळापासून दोन-तीन बोटं वर असतं, त्यामुळे तळाचं लिटरभर पाणी नळातून कधीच येत नाही. वरून रोज ताजं ओतलं तरी ते तसंच बसून राहतं. एक दिवसाआड माठ वाकवून ते ओतून टाका, कुंडीला घाला. नळाखाली ग्लास सरळ उभा राहील एवढी, म्हणजे वीतभर तरी उंची सोडा, नाहीतर पोरं ग्लास तिरपा धरतात आणि फरशीवर ओल कायमची.

पहिले तीन दिवस

नवा माठ धुऊन काठोकाठ भरा, चोवीस तास ठेवा, पाणी ओतून टाका. असं तीनदा. पहिल्या दिवशी पाणी भराभर खाली जातं, कारण भिंतच ते पीत असते. दुसऱ्या दिवशी बाहेरून सगळीकडे सारखा ओलावा दिसायला हवा. एकाच ठिकाणी धार किंवा टपटप असेल तर दुकानदाराकडे परत न्या, म्हणून पावती नसली तरी माठावर खूण करून घेतलेली बरी. तिसऱ्या दिवसानंतरही कोरडा ठणठणीत राहिला तर तो जास्त भाजलेला. मातीचा वास चौथ्या दिवशी बराच कमी होतो. तो घालवायला वाळ्याची जुडी टाकणं ठीक, पण ती रोज काढून वाळवायची. आठ-आठ दिवस पाण्यात राहिलेला वाळा स्वतःच बुळबुळीत होतो. साबण, भांड्याची पावडर, लिक्विड यातलं काहीही नको. ते छिद्रांत शिरतं आणि पुढे आठवडाभर पाण्याला फेसाळ चव येत राहते.

ठेवायची जागा

अर्धे माठ इथे नापास होतात, आणि बोल मातीला लागतो. स्वयंपाकघरात गॅसजवळ, फ्रीजच्या मागच्या गरम हवेत, किंवा कोपऱ्यात दोन्ही भिंतींना चिकटून ठेवलेला माठ गार होणार नाही. वारा लागला पाहिजे, ऊन नाही. बेळगावात संध्याकाळनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, त्या बाजूच्या खिडकीजवळ किंवा पडवीत लोखंडी तिवईवर माठ ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. खाली ओल्या वाळूची पाटी आणि भोवती ओलं गोणपाट ही जुनी रीत खरी आहे. गोणपाटामुळे ओला पृष्ठभाग वाढतो. पण ते दिवसातून दोनदा भिजवणार असाल तरच गुंडाळा. वाळलेलं गोणपाट वारा अडवून उलट काम करतं.

आता दोन माठ कशासाठी. भरल्यापासून पाणी नीट गार व्हायला सहा ते आठ तास लागतात. चार माणसांच्या घरात दिवसाला आठेक लिटर पाणी नुसतं प्यायला लागतं, म्हणजे एकाच माठात सारखी भर पडते आणि जेवणाच्या वेळेला, नेमकं हवं तेव्हा, पाणी कोमट असतं. म्हणून रात्री झोपताना एक भरा, सकाळपासून त्यातलं प्या. सकाळी दुसरा भरा, तो दुपारनंतर उघडा. इथल्या रात्री उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार असतात, रात्री भरलेला माठ पहाटेपर्यंत जो उतरतो तो दिवसा भरलेला कधीच उतरत नाही.

त्यात कुठलं पाणी भरायचं

माठ पाणी गार करतो, शुद्ध करत नाही. गढूळपणा थोडा तळाला बसतो एवढंच. जंतू मारायचं काम आधीच व्हायला हवं.

बेळगाव शहराला राकसकोप जलाशयाचं आणि हिडकल धरणाचं पाणी येतं. हे साठवलेल्या पावसाचं, मुळात मऊ पाणी, त्याला आरओची, म्हणजे पडद्यातून क्षार गाळणाऱ्या यंत्राची, गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये, जिथे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आहेत तिथे आरओ वापरूच देऊ नये, असे निर्देश दिले होते. घरगुती आरओ एक लिटर प्यायला देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो, आणि पाणीटंचाईच्या गल्लीत ते परवडत नाही. नळाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, खळखळून एक मिनिट उकळू द्या, झाकून निववा आणि माठात ओता. पूर्ण निवलं पाहिजे. गरम पाण्याने माठाला तडा जातो.

खेड्यांतली गोष्ट वेगळी. अथणीसारख्या पूर्वेकडच्या तालुक्यांत बोअरचं पाणी जड, क्षारांचं. भारतीय मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. अशा गावांतून “शुद्ध कुडियुव नीरिन घटक” (शुद्ध पिण्याच्या पाण्याचं केंद्र) अशी कन्नड पाटी लावलेली आरओची केंद्रं झाली आहेत, नाणं टाकलं की वीस लिटरचा कॅन भरून मिळतो. सोय म्हणून उत्तम. तरी तीन गोष्टी बघून घ्या. एक, टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, दोन-चार घरांत मिळून एक पुरतो. बोअरचं पाणी ८०० दाखवत असेल आणि केंद्राचं ६०-७०, तर यंत्र ठीक. तेच हळूहळू २००-३०० वर सरकायला लागलं की आतला पडदा संपलाय आणि कोणी बदललेला नाही. दोन, हा मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. ५० दाखवणारं पाणीही दूषित असू शकतं. तीन, तुमचा कॅन. केंद्राचं पाणी बिघडण्याआधी कॅनचा तळ बिघडतो. आत हिरवी झाक दिसली तर मूठभर तांदूळ आणि पाणी घालून जोरात हलवा, धुऊन उन्हात उलटा वाळवा, आणि एरवी सावलीत ठेवा. आरओच्या पाण्यात क्लोरिन उरलेलं नसतं, त्यामुळे ते माठात नळाच्या पाण्यापेक्षा लवकर बुळबुळतं. रोजचं रोज बदला.

जड पाणी थेट माठात भरलं तर महिनाभरात बाहेरून पांढरी पापुद्र्यासारखी बुरशी दिसते. ती बुरशी नसून क्षार असतात. पाणी उडालं, क्षार भिंतीत राहिले. काथ्याने आणि लिंबाच्या सालीने घासून वरचा थर निघतो, छिद्रांतला निघत नाही. मऊ पाण्यावर दोन उन्हाळे चालणारा माठ बोअरच्या पाण्यावर एकाच उन्हाळ्यात थकतो. तेव्हा अथणीकडच्या मंडळींनी महागाचा, नक्षीचा माठ घेऊ नये. साधा घ्यावा आणि दरसाल बदलावा.

धुण्याचं वेळापत्रक सोपं: एक दिवसाआड रिकामा करून खळबळणं, आठवड्यातून एकदा काथ्याने आतून घासणं आणि दिवसभर उन्हात उलटा. हा आठवडा चुकवू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, भिंतीला चिकटवून अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी बदलून अंडी जात नाहीत, घासावीच लागतात. झाकण घट्ट हवं, आणि माठाखालच्या वाळूच्या पाटीत पाणी साचलेलं दिसता कामा नये. ओली वाळू चालते, तळं नाही.

तांब्याच्या पिंपाबद्दल हमखास विचारणा होते. भांडं चांगलं, टिकतं, पण धातूतून पाणी झिरपत नाही, म्हणजे गारव्याचा प्रश्न सुटत नाही. त्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवलं तर तांबं उतरतं आणि मळमळतं. पाणी जास्त प्यायलं जावं एवढाच हेतू असेल तर हा खर्च नको.

घराबाहेर

ऊसतोड, वीटभट्टी, तंबाखूचं शेत, तिथे माठ नेता येत नाही. पूर्वी ट्रकच्या आरशाला लटकणारी कॅनव्हासची छागळ याच तत्त्वावर चालायची आणि अजूनही कुठे मिळाली तर घ्यावी. नाहीतर पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनला गोणपाट शिवून ते ओलं करून झाडाखाली टांगा. जमिनीवर ठेवू नका. दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या बाटल्या चांगल्या, पण लिटरभराने काय होतं? उन्हातल्या कामाबद्दल अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्याच्या संस्थेचं माप वापरण्याजोगं आहे: दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, पण तासाला दीड लिटरच्या आतच. तहान लागेपर्यंत थांबून मग तांब्यावर तांब्या रिचवला तर पोट डबडबतं, आणि घामातून मीठ गेलेलं असताना नुसतंच पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरून डोकं गरगरतं. बरोबर दुपारची भाकरी, लोणचं, मिठाचं ताक किंवा नाचणीची आंबील असेल तर बहुतेकांना वेगळं मीठ लागत नाही. उसाच्या रसाने आणि बाटलीतल्या रंगीत सरबताने तहान तात्पुरती भागते, साखर मात्र भरपूर जाते.

जुलाब, उलट्या झाल्यावर मात्र माठही नको आणि शहाळंही पुरेसं नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. तिथे ओआरएसच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पाकिटावर हे आकडे वाचून घ्या. नावात ओआरएस लावून गोड सरबतं विकली जायची, त्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, पण जुना माल एखाद्या दुकानात असू शकतो. लिटरचं मोठं पाकीट अख्खं लिटरभर पाण्यातच टाकायचं, ग्लासात अर्धं-अर्धं अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

मिरगाचा पाऊस लागला की माठाचं काम संपतं. हवा दमट झाली की तो गार करत नाही, उलट बाहेरून काळपट बुरशी धरतो. तेव्हा रिकामा करून, काथ्याने घासून, कडक उन्हाचे दोन-तीन दिवस साधून वाळवा आणि माळ्यावर उलटा ठेवा, खाली दोन काठ्या, म्हणजे आत हवा खेळेल. कागदात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. पुढच्या फाल्गुनात काढलात की पहिल्या दिवसासारखाच भरून चोवीस तास ठेवा. बाहेरून सारखा ओला झाला तर आणखी एक उन्हाळा चालेल. कोरडा राहिला तर तळाला भोक पाडून त्यात कढीपत्ता लावा आणि बाजाराची वाट धरा.